विहिरीचे पाणी कोण प्याले?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीसाठी मला जो विषय दिला आहे तो मोठा भारदस्त आहे. 'वाढती लोकसंख्या, आटती साधनसंपत्ती आणि शेतकऱ्याचे राहणीमान.' कॉलेजात असताना या विषयावर हमखास प्रश्न यायचा आणि सगळ्यांचे उत्तर एकच असायचे. माणसे वाढली, जमीन वाढली नाही, म्हणून गरिबी आली. मीही तेच लिहिले. मार्क मिळाले, कृषी पदवी मिळाली, नोकरी लागली. पुढची काही वर्षे हेच उत्तर मी गावोगाव सांगत फिरलो.

एका गावात मेळावा होता. शहरातून एक विद्वान वक्ते आले होते. त्यांनी तासभर आकडे सांगितले आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या दारिद्र्याचे मूळ शेतात शोधू नका, पाळण्यात शोधा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. डोक्यावर पदर, हातात विळा, निंदण सोडून आलेल्या. त्या म्हणाल्या, "मले दोनच लेकरं हायेत, साहेब. मंग माह्या हिरीचं पाणी कोन पेलं?"

सभा हसली. वक्ते हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या बाईंची विहीर मला माहीत होती. त्या विहिरीच्या आसपास जी चार बोअर झाली होती, त्यांतली दोन माझ्या सल्ल्याने झाली होती.

भावांनो, आज मी भाषण करायला उभा नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, ते आज द्यायला उभा आहे. आणि हिशेब मांडूनच देणार आहे, कारण आपण शेतकरी सगळ्या जगाला हिशेब देतो, फक्त स्वतःचा मांडत नाही.

पाळण्याचा हिशेब

माणसे वाढतात आणि अन्न पुरत नाही, हे सांगणारा पहिला मोठा पंडित म्हणजे इंग्लंडचा माल्थस. त्याने ते १७९८ साली लिहिले. १९६८ साली अमेरिकेच्या पॉल एरलिक यांनी त्याच अंगाचे पुस्तक लिहिले आणि सांगितले की १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरणार. त्यांच्या यादीत हिंदुस्थानचे नाव वरच होते.

झाले काय? १९५१ च्या शिरगणतीत देशात ३६ कोटी माणसे होती. आज ती त्याच्या चौपटीच्या आसपास गेली आहेत. २०२३ साली आपण चीनलाही मागे टाकले. पण १९५०-५१ साली देशात धान्य पिकत होते ५ कोटी टन. २०२३-२४ साली पिकले ३३ कोटी टन. खाणारी तोंडे चौपट झाली, धान्य साडेसहा पट झाले. हे कोणी केले? ज्याला अडाणी म्हणतात, त्या शेतकऱ्याने केले. बक्षीस काय मिळाले? धान्य मुबलक झाले म्हणून भाव पडला.

आता पाळण्याकडे या. सरकारी पाहणीच सांगते की १९९२-९३ साली देशात एका बाईला सरासरी ३.४ मुले होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २.० वर आला. महाराष्ट्रात तर १.७ आहे. आईबापांच्या जागी तेवढीच माणसे यायला २.१ लागतात. म्हणजे आपल्या राज्यात पाळणा गरजेपेक्षाही कमी हलतो आहे. मग माणसे अजून वाढताना का दिसतात? कारण पूर्वी जन्मलेली पोरे आज तरुण आहेत, त्यांचे संसार आता उभे राहत आहेत. धावती बैलगाडी कासरा ओढल्याबरोबर थांबत नाही, चार पावले पुढे जातेच.

हा बदल कशाने झाला? धाकाने झाला असे कोणी सांगेल तर त्याला इतिहास सांगा. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ साली आपल्या राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. लोकांच्या मनात त्या धाकाने जी भीती बसली, ती निघायला पुढे कित्येक वर्षे गेली.

पाळणा थांबला तो दुसऱ्या कारणाने. १९७१ साली देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. ज्या आईला खात्री नसते की दोन्ही लेकरे जगतील, ती चार जन्माला घालते. खात्री झाली की दोनावर थांबते. मुली शाळेत गेल्या, लग्ने थोडी उशिरा होऊ लागली. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांना शिव्या खाव्या लागल्या. आज त्यांचे म्हणणे आपल्या बायकांनी न बोलता अमलात आणले आहे.

आणि 'बायकांनी' असे मी मुद्दाम म्हणतो. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १०० विवाहित बायकांमागे ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण शंभरात अर्धेसुद्धा नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बाईची अवघड. तरी टेबलावर बाईच जाते आणि आठव्या दिवशी कापूस वेचायलाही तीच जाते. लोकसंख्येवर शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांनी आधी या मायबहिणींना हात जोडावेत.

तेव्हा पहिला हिशेब संपला. पाळण्याचा हप्ता आपण फेडला आहे. तरीही घर वर का येत नाही? म्हणजे गळती दुसरीकडे आहे.

सातबाऱ्याचा हिशेब

माझ्या आज्याकडे ४८ एकर कोरडवाहू होती. त्याला तीन मुलगे, प्रत्येकाला १६ एकर. आम्ही दोघे भाऊ, प्रत्येकी ८. माझ्या भावाला दोन मुलगे, उद्या प्रत्येकी ४. बहिणींनी हक्कसोड करून दिले म्हणून ४. त्यांनी कायद्याने वाटा मागितला असता तर त्याहून कमी. चूक त्यांची नाही, हक्क त्यांचा आहेच. तुमच्या प्रत्येकाच्या घरी हीच गोष्ट आहे, आकडे फक्त वेगळे.

राज्याचा आकडा सांगतो. १९७०-७१ साली महाराष्ट्रात वहितीचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले, म्हणजे सव्वातीन एकर. यात कपाशी घ्या, तूर घ्या, ज्वारी घ्या, काहीही घ्या. पावसाच्या भरवशावर सव्वातीन एकरात पाच माणसांचे घर चालत नाही.

"बघा, म्हणजे लोकसंख्याच नडली की," असे कोणी म्हणेल. जरा थांबा. त्या ४५ वर्षांत राज्याची लोकसंख्या साधारण अडीच पटीच्या आत वाढली. खातेदार किती वाढले? १९७०-७१ साली ४९ लाखांच्या वर होते, २०१५-१६ साली दीड कोटींच्या वर गेले. म्हणजे तिपटीहून जास्त. माणसे वाढली त्यापेक्षा जमिनीचे वाटेकरी जास्त वेगाने वाढले. देश पुढे जातो तेव्हा शेतीवरची माणसे कमी होतात, असे आम्हाला पुस्तकात शिकवले होते. इथे उलटे झाले.

कारण काय? पोराला दुसरीकडे पाय ठेवायला जागा नाही. शिकला, पदवी घेतली, भरतीसाठी पळाला, वय निघून गेले, परत धुऱ्यावर येऊन बसला. २०२० च्या टाळेबंदीत हे सगळ्या देशाने डोळ्यांनी पाहिले. २०१८-१९ साली दर शंभर कामकऱ्यांपैकी साडेबेचाळीस शेतीत होते. २०२३-२४ साली ते ४६ झाले. आणि या ४६ जणांच्या वाट्याला देशाच्या उत्पन्नातला पाचवा हिस्साही येत नाही. भाकरी तेवढीच, पंगतीत पाने वाढली. पण शेजारच्या मांडवात पक्वान्ने मांडलेली आहेत आणि आपल्या पोरांना तिकडे बसू देत नाहीत, हे कोण सांगणार?

ही गोष्ट नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतीवर एक निबंध लिहिला. त्या वेळचे पंडित म्हणत होते की तुकडे एकत्र करा, कायदा करा, दुखणे जाईल. बाबासाहेबांनी सांगितले की तुकडा हे लक्षण आहे, रोग नाही. बिनकामाच्या हातांचा भार जमिनीवर पडला आहे, कारण त्या हातांना दुसरे काम नाही. उद्योगधंदे वाढवा, म्हणजे शेतीवरचा भार उतरेल. पुढे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. कायद्याने तुकडे थांबले का? सातबाऱ्यावर सामाईक नाव राहिले आणि धुरे शेतात पडले, एवढेच झाले.

२०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी महिन्याचे उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. नीट ऐका. शेतकरी म्हणून ज्याची नोंद आहे, त्याला पिकापेक्षा मजुरीने जास्त मिळते. राहणीमान खाली आले म्हणतात ते हे. घरात माणसे जास्त झाली म्हणून नव्हे. घरातल्या धडधाकट माणसाच्या दिवसाला किंमत उरली नाही म्हणून.

विहिरीचा हिशेब

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. इथे मात्र बोट फक्त सरकारकडे करून भागणार नाही.

एक साधा हिशेब पाठ करा. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे ४ हजार लिटर पाणी पडले. आपल्याकडे ७०० मिलिमीटर धरा. एका एकरावर वर्षाला २८ लाख लिटर पडते. एका माणसाला पिणे, रांधणे, अंघोळ, धुणे धरून दिवसाला ५५ लिटर लागते असे सरकार धरते. वर्षाचे झाले २० हजार लिटर. म्हणजे दीड हजार वस्तीच्या गावाचे वर्षाचे घरगुती पाणी ३ कोटी लिटर. ते ११ एकरांवरच्या पावसाएवढे आहे. पडले ते सगळे हाती लागत नाही, वाहते, उडून जाते. दहातला एकच हिस्सा मुरला असे धरा. तरी ११० एकर पुरतात. गुरेढोरे धरा, दुप्पट करा. तुमच्या गावाचे शिवार किती एकरांचे आहे? मग गावाला प्यायला टँकर का लागतो? माणसे जास्त झाली म्हणून?

दुसरी बाजू पाहा. पाच अश्वशक्तीचा पंप चांगल्या विहिरीवरून तासाला २० हजार लिटर सहज उपसतो. एका माणसाचे वर्षाचे पाणी एका तासात! उसाला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. एकराला ८० लाख लिटर, म्हणजे ४०० माणसांचे वर्षाचे पाणी. राज्यात उसाखालची जमीन थोडी, पण सिंचनाच्या पाण्याचा मोठा घोट त्याचाच. आणि राज्यातल्या पाचांपैकी चार एकर जमीन पावसावर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा लातूरकरांची मुले मोजायला कोणी निघाले नव्हते. त्याच मुलखात उसाचे कारखाने उभे आहेत, हे मात्र सगळ्यांना दिसत होते.

पण भावांनो, ऊसवाल्याला शिव्या देऊन आपण घरी गेलो तर ते खोटे होईल. आपण कापूस-ज्वारीवाले काय करतो?

आपल्या जमिनीच्या पोटात काय आहे ते समजून घ्या. महाराष्ट्राच्या पाचातल्या चार हिश्श्यांहून जास्त भूभागाखाली काळा पाषाण आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, त्याखाली कातळ. पाणी साठते ते मुरमात आणि मांजऱ्यात, म्हणजे वरच्या चाळीस-पन्नास फुटांत. कातळात पाणी नसते, त्याच्या भेगांत असते. भेग लागली तर पाणी लागते, नाही तर धूळ उडते. आणि भेगेत जे पाणी असते तेही बहुधा वरूनच पाझरून आलेले. तुम्ही तीनशे फुटांवर बोअर मारले म्हणजे तीनशे फुटांवरचे नवे पाणी काढले असे नाही. शेजाऱ्याच्या विहिरीला खालून नळी लावली.

माझ्या आज्याची विहीर ३५ फूट होती, मोट चालायची. बापाने ती ५० केली, इंजिन बसवले. नंतर आडवे बोअर घेतले. नंतर उभे बोअर १५० फूट. शेजाऱ्याने २५०. मग आम्ही ३००. प्रत्येक वेळी कर्ज. प्रत्येक वेळी पाणी दोन-तीन वर्षे. त्या काळात आमच्या घरात माणसे वाढली का? नाही. माझ्या बापाच्या पिढीपेक्षा आमच्या घरात मुले कमीच आहेत. वाढली ती फक्त खोली आणि व्याज.

नोकरीत असताना मी शेतकऱ्यांना सांगत होतो की पाण्याची सोय करा आणि कपाशी मे महिन्यात लावा, उतारा वाढेल. उतारा वाढला, खोटे नाही. पण मे महिन्यात, जेव्हा विहिरीच्या तळाला गावाचे प्यायचे पाणी असते, तेव्हा आम्ही ते पऱ्हाटीला दिले. पुढे फरदडही पाण्यावर ओढली. शेतात वर्षभर कपाशी उभी राहिली, तशी बोंडअळीचीही वर्षभर सोय झाली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते तुम्हाला सांगायला नको. त्या सल्ल्याची सही माझी होती. आणि त्या सल्ल्याने भरलेली दोन बोअर त्या बाईंच्या विहिरीच्या वरच्या अंगाला होती.

जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आपला. अमेरिका आणि चीन मिळून उपसत नाहीत तेवढे आपण एकटे उपसतो. धान्य साडेसहा पट झाले म्हणून मी मघाशी छाती फुगवली, त्यातला मोठा वाटा या उपशाचा आहे. आपण मुद्दल खात आहोत आणि त्याला उत्पन्न म्हणत आहोत.

मातीचा हिशेब

मातीचे दोनच शब्दांत सांगतो. एक इंच माती बनायला शेकडो वर्षे जातात. उताराच्या शेतात आडवे वखरायचे सोडून उभे वखरले तर ती माती दोन-चार जोरदार पावसांत नाल्याला लागते.

आणि ज्वारी पाहा. एके काळी राज्यात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांच्या वर जमीन होती. आज २० लाखांच्याही खाली आली आहे. या काळात खाणारी माणसे वाढली की कमी झाली? वाढली. मग ज्वारी का गेली? कारण रेशनवर गहू-तांदूळ आला, ज्वारीला भाव मिळाला नाही आणि सोयाबीनला रोख पैसा मिळाला. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी बैलजोडी गेली. बैलजोडी गेली तसे शेणखत गेले. शेणखत गेले तशी जमीन कडक झाली, पाणी धरेनाशी झाली. मग पुन्हा पाण्यासाठी बोअर. बघा, एका भावाच्या धोरणाने माती आणि पाणी दोन्ही कसे जाते. यात पाळण्याचा संबंध कुठे आला?

डोकी मोजा, पण हक्कासाठी

मग डोकी मोजूच नयेत का? मोजावीत. कशासाठी मोजतो हे महत्त्वाचे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथला नियम ऐका. पाणी जमिनीच्या एकरांवर द्यायचे नाही, घरातल्या माणसांवर द्यायचे. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. म्हणजे त्यांनीही डोकी मोजली. विद्वान वक्त्याने मोजली ती भार म्हणून. पाणी पंचायतीने मोजली ती वाटेकरी म्हणून. घराला अडीच एकराची मर्यादा होती, म्हणून जास्त मुले असली तर जास्त पाणी, असाही प्रकार नव्हता.

हिवरे बाजारची गोष्ट तुम्ही ऐकली आहे, काहीजण पाहूनही आले आहेत. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. ते गाव दर वर्षी पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पीक ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पाऊस आपल्या कोरडवाहू मुलखापेक्षा जास्त नाही, कमीच आहे. तिथल्या लोकांनी एकमेकांच्या खाली जायचे नाही एवढे ठरवले आणि ते पाळले.

सरकारने कायदे केले नाहीत असेही नाही. १९९३ चा कायदा म्हणत होता की गावाच्या प्यायच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येणार नाही. किती गावांत हा नियम पाळला गेला, हात वर करा. बघा. एकही नाही. कायदा कागदावर राहतो, कारण बोअर मारणारा आपला चुलतभाऊ असतो आणि आपणही पुढच्या वर्षी मारणार असतो.

घरी काय घेऊन जायचे

तेव्हा आजच्या बैठकीतून मी चार गोष्टी मागतो. टाळ्या नकोत, एवढे करा.

पहिली गोष्ट. प्रत्येक गावाने या पावसाळ्यात पाऊस मोजायचा. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवा, मुले रोज मांडतील. दिवाळीनंतर गावच्या चावडीवर फळा लावायचा: एवढा पाऊस पडला, एवढ्या विहिरींत एवढे फूट पाणी आहे. त्यातून आधी माणसांचे आणि गुरांचे वर्षाचे पाणी बाजूला काढायचे. उरेल त्यावर रब्बी ठरवायची. पाणी कमी असेल त्या वर्षी मेची कपाशी आणि फरदड नाही, म्हणजे नाही.

दुसरी गोष्ट. ठराव करा की शिवारात नव्या बोअरची खोली वाढवायची नाही. ज्याची विहीर खरोखर कोरडी पडली त्याला शेजाऱ्याने पाळीने पाणी द्यायचे. शेततळे करायचे ते पावसाचे वाहते पाणी धरायला. विहिरीतून उपसून शेततळ्यात भरणे म्हणजे गावाचे पाणी आपल्या खिशात घालणे. हे सांगताना वाईटपणा येईल. येऊ द्या.

तिसरी गोष्ट. आपली मागणी बदला. आपण कर्जमाफी मागतो, भाव मागतो. तो मागूच, तो आपला हक्क आहे. त्याच्या जोडीला हेही मागा की ज्वारीला कापूस-सोयाबीनच्या तोडीचा भाव आणि खात्रीची खरेदी हवी. आणि आपल्या पोरापोरींना तालुक्याच्या ठिकाणी काम हवे. इथला कापूस गाठी बांधून बाहेर जातो. सूत, कापड, सरकी, तेल यांची मजुरी इथे पडली तर सव्वातीन एकरावर बसलेल्या तिघांतले दोघे सन्मानाने उठतील आणि तिसऱ्याची शेती शेती होईल.

चौथी गोष्ट मायबहिणींसाठी. शेतीची वाटणी होईल तेव्हा सातबाऱ्यावर बाईचे नाव लावा आणि गावच्या पाण्याच्या बैठकीत अर्ध्या जागा बायकांच्या ठेवा. पाणी आणते ती, आणि आटले हे सगळ्यात आधी कळते तिलाच. ज्या बाईने त्या सभेत प्रश्न विचारला, तिच्याइतका शहाणा माणूस त्या मांडवात दुसरा नव्हता, व्यासपीठावरही नव्हता.

त्या बाईंना मी नंतर भेटलो. नोकरी सोडल्यावर पहिल्यांदा ज्या चार-पाच घरी गेलो त्यांत त्यांचे घर होते. मी म्हटले, "ताई, तुमच्या लेकरांनी विहीर प्याली नाही. माझ्या सल्ल्याने प्याली, शेजाऱ्याच्या बोअरने प्याली आणि त्याला बोअर मारायला लावणाऱ्या कर्जाने प्याली." त्यांनी ऐकून घेतले. चहा दिला. मग म्हणाल्या, "ते कळलं, दादा. आता भरणार कोण?"

भावांनो, याचे उत्तर देण्यासाठी दिल्ली-मुंबईहून कोणी येणार नाही. दोन महिन्यांनी पुढची बैठक आहे. येताना प्रत्येक गावाने आपल्या शिवारातल्या विहिरींची यादी आणायची: किती फूट खोल, किती पाणी, कधी आटते. ज्या गावाची यादी येणार नाही, त्या गावाने पाण्यावर भाषण करायचे नाही. हा नियम मलाही लागू. माझ्या गावची यादी मी आज आणली आहे. व्यासपीठाच्या बाजूला चिकटवली आहे. त्यात आमची ३०० फुटांची बोअरसुद्धा लिहिली आहे.

जाताना बघून जा.